हापशाचे मूळ गाव

नळ आला की हापसा भंगारात जातो. रिसोड परिसरातल्या शाळांनी तो निघण्यापूर्वी एकदा निरखून पाहावा, असे आम्हाला वाटते. त्याचे मूळ फार लांब नाही, पश्चिमेला जालन्यात आहे.

आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे. त्याच्या भेगांतले पाणी मिळवायला खोल विंधनविहीर लागते. हवेचा दाब पाणी जेमतेम १० मीटर चढवतो. म्हणून दट्ट्याचे नळकांडे थेट पाण्यात सोडावे लागते. १९६० च्या दशकातले बिडाचे पंप परदेशी घरगुती नमुन्यांवर बेतलेले होते. एका कुटुंबापुरते ते यंत्र, सारे गाव दिवसभर हापसू लागले की मोडे. मग बायकांची पावले पुन्हा आडाकडे, ओढ्याकडे वळत.

जालन्यातील मिशनच्या कार्यशाळेने पोलादी, एकाच आसावर फिरणारा पंप घडवला. सोलापुरात तो सुधारला. त्यातूनच १९७० च्या दशकात, युनिसेफच्या साहाय्याने, 'इंडिया मार्क दोन' तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतही पोचला. त्याच्या दांड्याला साखळी असते. त्यामुळे सळई सरळ वर ओढली जाते, झीज कमी होते.

विद्यार्थ्यांना दांड्याच्या दोन्ही भुजा मोजू द्या. तरफेचा धडा तिथेच मिळेल. मग आजीला विचारू द्या, हापसा आला त्या वर्षी घरात काय बदलले? त्या उत्तराची नोंद शाळेत राहिली, तर लोखंड गेले तरी वारसा उरेल.