एका दिवसाचा व्हिसा

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात बर्लिनची भिंत दोन ओळींत संपली होती. १९६१ साली बांधली, १९८९ साली पडली. मार्क दोन! मीही ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरून गेलो. तिची खरी ओळख झाली २०१८ साली. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका सेमिस्टरसाठी मी जर्मनीत लाइपझिगला गेलो होतो, तेव्हा.

तिथे एका कुटुंबात राहायची सोय होती. घरच्या बाई पंचावन्नच्या, शिस्तीच्या, पण जीव लावणाऱ्या. आठवड्याभरात मी त्यांना 'काकू' म्हणायला लागलो. एका शनिवारी म्हणाल्या, "चल, तुला बर्लिन दाखवते. सकाळी जाऊ, रात्री परत."

मी आदल्या रात्री नेटवरून यादी काढली: ब्रांडेनबुर्ग गेट, संसद, टीव्ही टॉवर वगैरे. लाइपझिगहून आयसीईने सव्वा तास. मुख्य स्टेशनवर लोकल बदलली आणि पुढच्याच फ्रीडरिशस्ट्रासेला काकू उतरल्या. माझी यादी खिशातच राहिली.

स्टेशनला लागून काचेची एक इमारत आहे. १९६२ साली बांधलेली. आता संग्रहालय आहे, तिकीट नाही. लोकांनी हिचं नाव ठेवलं 'ट्रेनेनपालास्ट', म्हणजे अश्रूंचा महाल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेत गेले. ही गळती थांबवायला १३ ऑगस्ट १९६१च्या पहाटे, रविवारी, पूर्वेच्या सरकारने शहराच्या मधोमध काटेरी तारा ओढल्या. मग भिंत आली. फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशन पूर्वेत, पण पश्चिमेच्या गाड्याही तिथे यायच्या. त्यामुळे सीमा स्टेशनाच्या आतच! पूर्वेतून परत जाणाऱ्यांची तपासणी या काचेच्या इमारतीत व्हायची.

काकूंची आत्या पश्चिम बर्लिनमध्ये राहायची. तारा पडल्या आणि भाऊ-बहीण दोन देशांत गेले. पश्चिम बर्लिनकरांना पूर्वेत यायचे परवाने पहिल्यांदा १९६३च्या नाताळात मिळाले. १९७२ नंतर येणं-जाणं नियमित झालं. मग आत्या तिकडून, काकू आणि त्यांचे बाबा लाइपझिगहून, असे सगळे पूर्व बर्लिनमध्ये भेटायचे. म्हणजे आत्याची स्वतःच्याच शहरात, पण दुसऱ्या देशाच्या राजधानीत, एका दिवसाची ट्रिप! त्यासाठी ऑक्टोबर १९८० पासून माणशी २५ पश्चिमी मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत. आणि त्याच रात्री परत.

संग्रहालयात पासपोर्ट तपासायची जुनी चौकी ठेवली आहे. एक माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद. अधिकाऱ्याला तुमची पाठही दिसावी म्हणून वर तिरका आरसा. काकू म्हणाल्या, "मी आज पहिल्यांदा आत उभी राहिले. आम्ही दाराशीच थांबायचो. बाबा काही बोलायचे नाहीत. आत्या दिसेनाशी झाली की घड्याळ बघायचे."

मी विचारलं, "बाबांना कधीच जाता आलं नाही?"

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. १९६४ पासून पूर्व जर्मनीतल्या पेन्शनरांना पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायची परवानगी होती. कामाचा माणूस पळाला तर नुकसान. म्हातारा परत नाही आला तरी पेन्शन वाचली. आम्ही सॉफ्टवेअरवाले अॅक्सेस राइट्स लिहितो, पण असला नियम आम्हालाही सुचला नसता!

पुरुषांचं पेन्शनचं वय ६५. काकूंचे बाबा वर्षं मोजत होते. १९८९च्या वसंतात ते गेले, ६३ व्या वर्षी. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७० हजार लोक उतरले, त्यात काकू होत्या. ९ नोव्हेंबरच्या रात्री भिंत उघडली.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "आता भुयारी रेल्वेने जाऊ." आम्ही यू-६ पकडली, वेडिंगच्या दिशेने. ही लाइन पश्चिमेची, पण पूर्वेच्या पोटातून जाणारी. मधली तीन स्टेशनं तेव्हा बंद होती. अंधाऱ्या प्लॅटफॉर्मवर पहारेकरी असायचे आणि गाडी न थांबता हळूहळू निघून जायची. त्यांना भुताची स्टेशनं म्हणत. आता तिथे गाडी थांबते, पोरं आईस्क्रीम खात चढतात. काकू बोटांवर मोजत होत्या. एक, दोन, तीन. पाचव्या स्टेशनवर, वेडिंगला, आम्ही उतरलो.

आत्याच्या घराच्या बेलवर आता दुसरंच नाव होतं. काकूंनी खिडकी दाखवली. मी घड्याळ पाहिलं. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत सात-आठ मिनिटं लागली होती. बाबांना २८ वर्षं पुरली नाहीत.

रात्री घरी फोन केला तर आईने विचारलं, "गेट पाहिलंस का रे?" नाही पाहिलं. असो.