समक्ष म्हणजे कुठे?

व्हरमाँट राज्यातल्या प्लिमथ नॉच या खेड्यात ३ ऑगस्ट १९२३ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास एका बापाने आपल्या मुलाला पदाची शपथ दिली. मुलगा म्हणजे कॅल्विन कूलिज, अमेरिकेचे उपाध्यक्ष. अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारल्याची खबर रात्री घरी येऊन थडकली होती. घरात वीज नव्हती, म्हणून रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात शपथ झाली. वडील जॉन कूलिज नोटरी होते आणि शपथ देण्याचा अधिकार त्यांना व्हरमाँटच्या कायद्याने मिळाला होता. राज्याने नेमलेला नोटरी देशाच्या अध्यक्षाला शपथ देऊ शकतो का, अशी शंका पुढे निघाली, तेव्हा त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये एका न्यायाधीशांपुढे कूलिज यांनी ती पुन्हा घेतली.

अमेरिकेत नोटरी नेमते राज्य, आणि त्याचा अधिकार चालतो तो त्या राज्याच्या हद्दीत. आपल्याकडे नोटरी व्हायला वकिलीची काही वर्षे गाठीशी लागतात. तिथे बहुतेक राज्यांत बँकेतला कारकून किंवा कुरिअरच्या दुकानातली बाईही शिक्का बाळगते. कागदात काय लिहिले आहे याची जबाबदारी तिच्यावर नसते. समोरचा माणूस तोच आहे ना, त्याला समजते आहे ना, कुणाच्या धाकाने तर सही करत नाही ना, एवढे तिने पाहायचे. हे काम मुळात माणूस ओळखण्याचे. मराठेशाहीतल्या कागदांवर लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी आणि शेजारी गोही, म्हणजे साक्षीदार, म्हणून चार माणसांची नावे येत. त्या नावांचा उपयोगही हाच होता.

म्हणूनच नोटरीच्या इतिहासात कागद गेला आणि संगणकाचा पडदा आला, याला मी फारसे महत्त्व देत नाही. कागदाचा प्रश्न तर लवकर सुटला. युटा राज्याने १९९५ सालीच डिजिटल सहीचा कायदा केला आणि २००० साली संघराज्याच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला देशभर मान्यता दिली; नोटरीची सहीही त्यात आली. पण कायद्यातला ‘समक्ष’ हा शब्द जागचा हलला नाही. संगणकावर सही करायची तरी दोघांनी एकाच खोलीत बसायचे.

त्या शब्दाची किंमत २०१० साली देशाला कळली. घरकर्जे बुडाली होती आणि जप्तीसाठी बँका न्यायालयांत प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे दाखल करत होत्या. चौकशीत उघड झाले की बँकांची माणसे महिन्याला हजारो प्रतिज्ञापत्रांवर न वाचताच सह्या करत होती, आणि सही करणारा समोर नसतानाही नोटरीचे शिक्के पडत होते. लोकांची राहती घरे त्या कागदांवर जात होती. नेमक्या त्याच वेळी काँग्रेसने एक विधेयक संमत केले होते: एका राज्यातले नोटरीकरण, इलेक्ट्रॉनिक असले तरी, दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयांनी मानावे. अध्यक्ष ओबामा यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये त्यावर सही करायला नकार दिला. पुढे २०१२ साली पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि संघराज्य सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

इतक्या ताज्या जखमेवर व्हर्जिनियाने २०११ साली जो कायदा केला, तो धाडसाचाच म्हणायला हवा. १ जुलै २०१२ पासून तिथला नोटरी आपल्या राज्यात बसून, कॅमेऱ्यातून, जगात कुठेही असलेल्या माणसाची सही प्रमाणित करू लागला. कॅलिफोर्नियाने आपल्या नोटरींना बजावले की वेबकॅमवरची हजेरी ही हजेरी नव्हे. पण परराज्यात तिथल्या कायद्यानुसार झालेले नोटरीकरण मान्य करायचे, हा नियम कॅलिफोर्नियाच्याच कायद्यात होता. त्यामुळे लॉस एंजेलिसमधल्या माणसाला आपल्या गल्लीतल्या नोटरीकडून जे मिळत नव्हते, ते तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या नोटरीकडून मिळू लागले.

मग माँटाना २०१५ मध्ये आले, टेक्सास आणि नेवाडा यांनी २०१७ मध्ये कायदे केले. ओळख पटवण्याची रीत हळूहळू ठरत गेली. ओळखपत्र यंत्राने तपासायचे. माणसाच्या जुन्या नोंदींवरून, कधीकाळचा पत्ता, घेतलेले कर्ज असे पाच प्रश्न विचारायचे. दोन मिनिटांत किमान चार बरोबर यायला हवेत. सगळ्या भेटीचे चित्रण जपायचे, टेक्सासात ५ वर्षे, फ्लोरिडात १०. हे चित्रण मला या बदलातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दारामागे कुणी उभे राहून आजीला सही करायला लावत असेल, तर कॅमेऱ्याला ते दिसेलच असे नाही. पण तिचा अडखळलेला आवाज, उत्तर देण्याआधी बाजूला वळलेली नजर, हे न्यायाधीशाला पुढे पाहता येते. शिक्क्यावरून ते कधीच कळत नव्हते.

आणि कोरोनाच्या साथीचा, २०२० चा मार्च आला. मृत्युपत्रे आणि वैद्यकीय निर्णयांची अधिकारपत्रे लोकांना तातडीने हवी होती आणि एका खोलीत बसणे जिवावरचे झाले होते. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी १९ मार्चला आदेश काढला: व्हिडिओवर ओळखपत्र दाखवा, आपण न्यूयॉर्क राज्यातच आहोत असे तोंडाने सांगा, सही केलेली प्रत त्याच दिवशी फॅक्सने किंवा ईमेलने धाडा. एकामागून एक राज्यांनी असेच आदेश काढले. आज चाळीसहून अधिक राज्यांत दूरस्थ नोटरीकरणाचा कायमचा कायदा आहे. बराच काळ अडून बसलेल्या कॅलिफोर्नियानेही २०२३ साली तो केला, मात्र पूर्ण अंमलासाठी २०३० पर्यंतची मुदत ठेवली.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघतो तो पुण्या-नाशिकच्या फ्लॅटच्या निमित्ताने. विक्रीसाठी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे असते. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात असल्याने नोटरीच्या शिक्क्यावर राज्याचे अपोस्टिल, म्हणजे शिक्का खरा असल्याचे परदेशात चालणारे प्रमाणपत्र, घेता येते. पण आपला १९०८ चा नोंदणी कायदा परदेशातल्या मुखत्यारपत्राबद्दल बोलताना ते नोटरीच्या किंवा भारतीय वकिलातीच्या ‘समक्ष’ केलेले हवे असे म्हणतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याने सर्वसामान्य मुखत्यारपत्र इलेक्ट्रॉनिक दस्तांतून वगळले आहे. भेटीला आलेल्या आईवडिलांची अडचण आणखी वेगळी: त्या पाच प्रश्नांसाठी लागणारी अमेरिकेतली जुनी नोंदच त्यांच्या नावावर नसते. तेव्हा न्यू जर्सीत राहणारा मुलगा त्यांना गाडीत घालून गावातल्या बँकेत नेतो, नोटरीसमोर शाईने सह्या होतात, आणि कागद टपालाने निघतो. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरायचे असते.