खांदा कुणाचा, बार कुणाचा

सिंगापूरच्या लिटिल इंडियात फिरताना रस्त्यांच्या पाट्या वाचाव्यात. बफेलो रोड, केरबाऊ रोड, रेस कोर्स रोड. गुरांचे गोठे गेले, घोड्यांच्या शर्यतीही 1933 मध्ये इथून हलल्या, नावं तेवढी उरली. या पाट्यांत वाघ कुठे दिसत नाही. पण एकोणिसाव्या शतकात या वस्तीपलीकडच्या रानात दरारा त्याचाच होता.

1835 साली सरकारी बांधकामांचा प्रमुख जॉर्ज कोलमन रानात रस्त्याची मोजणी करत होता. हाताखाली हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर आलेले कैदी. वाघानं झेप घातली ती नेमकी थिओडोलाइटवर, म्हणजे मोजणीच्या यंत्रावर. यंत्र कोसळलं, माणसं बचावली. पुढे हाइनरिश लॉयटेमान या जर्मन चित्रकारानं हा प्रसंग चितारला आणि ते सिंगापूरच्या इतिहासातलं एक ओळखीचं चित्र होऊन बसलं. यंत्र वाहणारे एक आणि त्यातून पाहणारा दुसरा, ही वाटणी त्या काळी कुणाला खटकत नसे. लांब पल्ल्याच्या जड बंदुकीची कथाही याच वाटणीची: वाहणारा एक, बार काढणारा दुसरा.

बंदूक जड का झाली, याचं उत्तर दारूत आहे. गंधक, सोरा आणि कोळसा यांच्या काळ्या दारूनं गोळीला ठरावीक वेगापलीकडे रेटता येत नसे. मोठं जनावर पाडायचं तर गोळीचं वजन वाढवायचं, हाच मार्ग. वजनदार गोळीला दारू जास्त, जास्त दारूला नळी जाड, आणि मागे बसणारा धक्का सोसायचा तर सगळी बंदूकच जड. शिवाय जड बंदूक हातात कमी थरथरते, म्हणून लांबचा नेमही तिच्यावर चांगला बसतो. नेमाला जे वजन सोयीचं, तेच चालायला अडचणीचं.

आपल्याकडे यावर जुने तोडगे होते. लांब नळीची जेजाल तटाच्या चर्येवर टेकवून डागत. जंबुरा उंटाच्या पाठीवर खुंटीवर बसवत. अब्दालीच्या उंटांवरचे जंबुरे 1761 साली पानिपतावर मराठ्यांना चांगलेच नडले. तोड्याच्या काही बंदुकांना नळीखाली दुबेळकं लावलेलं असे. ते जमिनीवर टेकवायचं, गुडघा रोवायचा आणि तोडा शिलगवायचा. प्रत्येक वेळी वजन कुणाच्या तरी अंगावर ढकलायचं: भिंतीच्या, उंटाच्या, नाहीतर जमिनीच्या.

साहेबाच्या शिकारीत ते माणसाच्या अंगावर आलं. इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकर 1840च्या दशकात सिलोनमध्ये हत्तींच्या मागे लागला, तेव्हा त्याच्याजवळ गिब्ज या बंदूककारानं घडवलेली चार बोअरची रायफल होती. चार बोअर म्हणजे एका पौंड शिशात चारच गोळ्या. एकेक गोळी 113 ग्रॅमच्या आसपास. बंदुकीचं वजन 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. ती दिवसभर रानातून वागवणं हे मालकाचं काम नव्हे, अशी सोयीस्कर समजूत होती. त्यासाठी बंदूकवाला असे.

या बंदूकवाल्याचं काम नुसत्या हमालीचं नव्हतं. ठासणीची बंदूक एकदा उडाली की दारू ओतणं, गोळी गजानं ठासणं, टोपी बसवणं, यात अर्धं मिनिट सहज जाई. तेवढ्यात जखमी जनावर अंगावर येतं. म्हणून भरलेली दुसरी बंदूक साहेबाच्या उजव्या हाताशी, दस्ता पुढे करून, नळी कुणाकडे न रोखता पोचवायची. साहेबाची रिकामी बंदूक परत घ्यायची. आणि हे सगळं पळून न जाता. हातात भरलेली बंदूक, समोर जनावर आणि बार काढायची परवानगी नाही. शिकारीच्या पुस्तकांत नेम साहेबाचा असतो. पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाचं नावही अनेकदा नसतं.

याउलट पायदळातल्या शिपायाची मस्केट साडेचार किलोच्या घरातली. साहेबाच्या रायफलीच्या निम्म्याहून कमी. शिपाई स्वतःची बंदूक स्वतः वागवत असे, म्हणून तिला हद्द होती. जिथे खांदा दुसऱ्याचा, तिथे वजनाला हद्द राहत नाही.

सिंगापुरात ही वाटणी एकदा मोडली. मिरी आणि गॅम्बियरच्या मळ्यांत वाघ माणसं मारू लागले. वाघामागे बक्षीस लावूनही भागेना. तेव्हा 1860च्या सुमारास सरकारनं तुरुंगातल्या हिंदुस्थानी कैद्यांच्या टोळ्या मस्केटी देऊन रानात धाडल्या. 1825 पासून इथे येत गेलेल्या या कैद्यांत बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्याचेही लोक होते. त्यांनी रस्ते बांधले, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल उभारलं. तुरुंगाची रीतही वेगळी होती: पहारेकरी कैद्यांतूनच निवडले जात. जे. एफ. ए. मॅकनेअर या त्यांच्या अधिकाऱ्यानं 1899च्या पुस्तकात याचं सविस्तर वर्णन केलं आहे. तेव्हा कैद्याच्या हाती बंदूक देणं त्या व्यवस्थेला फार धाडसाचं वाटलं नसावं. दाट रानात लांब पल्ल्याचा प्रश्नच नव्हता. वाघ दिसलाच तर चार हातांवर. खांद्यावर टाकलेली बंदूक तिथे कुचकामी, ती दोन्ही हातांत तयार हवी. इथे वाहणारा आणि बार काढणारा माणूस एकच होता, आणि बंदूकही माणसाला पेलणारी होती.

1884 साली पॉल व्हिएयनं फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि काळ्या दारूचं गणित मोडलं. लहान गोळी जास्त वेगानं जाऊ लागली. काडतुसांमुळे बंदूक भरणंही क्षणाचं काम झालं. रायफलींचं वजन चार किलोंवर उतरलं आणि बंदूकवाल्याची गरज हळूहळू ओसरली. सिंगापुरातला शेवटचा रानवाघ 1930 मध्ये चोआ चू कांगला मारला गेला. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा शौक संपवला. कोकणात मात्र शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक अजून घरात असते आणि निवडणूक आली की अनेकदा पोलीस ठाण्यात जमा होते.

जिथे शिकार कायदेशीर आहे, त्या देशांत लांब पल्ल्याच्या रायफली आज पुन्हा जड होत आहेत. दुर्बीण, जाड नळी आणि नळीखाली दोन पायांचा टेकू, म्हणजे आपलं जुनं दुबेळकंच. सहा-सात किलोंचा हा ऐवज डोंगरावर न्यायचा कसा, हा तिथल्या शिकाऱ्यांचा नेहमीचा वाद: पट्टा खांद्याला काचतो, पाठपिशवीला बांधली तर वेळेला हाती येत नाही. यातूनच कार्बन फायबरच्या नळ्या आणि दस्ते आले, ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब सुरू झाला. बेकरच्या रायफलीतही वजन उतरवायला थोडीफार जागा असणारच. पण तिच्या वजनाची तक्रार करणाऱ्याला बंदूक विकत घ्यायची नव्हती, आणि घेणाऱ्याला ती वाहायची नव्हती.