बंदुकीचा धक्का आणि हरणाची शिकार

महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात आम्ही पहिल्यांदा रायफल हातात धरली. ती होती पॉइंट टू-टू. तिचा धक्का जाणवलाच नाही, त्यामुळे आम्ही फुशारलो. दोन दिवसांनी थ्री-नॉट-थ्री हाती आली. आदल्या रात्री सीनियर मुलांनी ‘खांदा निखळतो’, ‘गाल फुटतो’ अशा कहाण्या सांगून ठेवल्याच होत्या. चाप ओढायच्या क्षणी आमचे डोळे आपोआप मिटले, खांदा पुढे आला आणि गोळी निशाणाच्या फळीला न लागता मागच्या मातीच्या बांधात गेली. हवालदार शांतपणे म्हणाले, “बंदुकीनं नाही मारलं तुला, भीतीनं मारलं.”

पदार्थविज्ञान शिकताना त्या वाक्याची आठवण पुष्कळदा झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि तो उरू नये असेच आम्हाला वाटते. पण अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये किंवा स्वीडनमध्ये परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करणे आजही रीतसर चालते. तेथे शिकाऊ माणूस जाणत्याला हमखास विचारतो, ‘कमी धक्क्याची रायफल कोणती?’ प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो. खरे तर त्याच्या उत्तरामागे अडीचशे-तीनशे वर्षांचे विज्ञान आहे, आणि ते नववी-दहावीच्या वर्गात सांगता येण्याइतके सोपे आहे.

न्यूटनचा तिसरा नियम १६८७ साली प्रसिद्ध झाला. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते, हे त्यातून लगेच निघते. पण गोळीचा वेग किती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू मोजायची कशी? ही युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने काढली आणि १७४२ साली तोफविद्येवरच्या आपल्या पुस्तकात मांडली. त्याने सुमारे २५ किलो वजनाचा एक लंबक टांगला आणि त्यावर बंदूक झाडली. पाऊण इंच व्यासाची, ३८ ग्रॅमची शिशाची गोळी लंबकात रुतली की लंबक मागे झुलायचा. किती झुलला ते फितीने मोजायचे, त्यावरून लंबकाचा वेग काढायचा आणि संवेगाच्या हिशोबाने गोळीचा. सेकंदाला पाचशे मीटरच्या घरातला वेग त्याने असा मीटरभरसुद्धा नसलेल्या वेगावरून ओळखला. अशा वेगाच्या गोळीला हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो, हेही त्यानेच दाखवले. तोवर बहुतेक विद्वान तो विरोध नगण्य धरून परवलय काढत बसले होते. या पुस्तकाचे महत्त्व ऑयलरसारख्या गणितज्ञाने ओळखले आणि १७४५ साली त्याचे टीपांसह जर्मन भाषांतर केले.

जाता जाता सांगायला हवे की हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

धक्का मोजण्याचे काम नेटाने केले ते बेंजामिन थॉम्प्सनने. तोफेची नळी कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नव्हे असे म्हणणारा जो काउंट रम्फर्ड आपण शिकवतो, तोच हा. १७७८ साली त्याने लंबकाऐवजी बंदूकच टांगली. एकदा गोळी भरून झाडायची, एकदा नुसती दारू भरून. दोन्ही वेळच्या धक्क्यांतील फरक हा गोळीचा वाटा. यातला महत्त्वाचा भाग असा की गोळी नसतानाही बंदूक मागे येते. दारूचा वायू नळीतून बाहेर पडतो, त्यालाही वस्तुमान आहे, वेग आहे. धक्क्याचा हिशोब करताना विद्यार्थी हा वाटा हटकून विसरतात.

येथे एक जुना वाद आठवतो. ‘गतीचे बळ’ कशाने मोजायचे, वस्तुमान गुणिले वेग याने की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याने? लायब्निट्झने १६८६ साली देकार्तच्या अनुयायांना डिवचले आणि भांडण कित्येक दशके चालले. ग्राव्हेझांदे या डच शास्त्रज्ञाने १७२२ साली मऊ मातीत धातूचे गोळे टाकून पाहिले, तेव्हा खड्डे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडले. आज आपण म्हणतो की दोघेही बरोबर होते. एकजण संवेग मोजत होता, दुसरा ऊर्जा. हा फरक शिकवायला बंदुकीइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सापडलेले नाही. गोळीचा संवेग आणि बंदुकीचा संवेग जवळपास सारखे, पण ऊर्जा पाहिली तर एकीकडे हजारो ज्यूल, दुसरीकडे वीस-पंचवीस.

शिकाऱ्याला गोळीत ऊर्जा हवी असते आणि खांद्यावर संवेग नको असतो. दोन्ही सूत्रे एकत्र केली की संवेग बरोबर दुप्पट ऊर्जा भागिले वेग. म्हणजे तेवढीच ऊर्जा हलक्या पण वेगवान गोळीतून दिली तर धक्का कमी. एवढे सोपे असताना एकोणिसाव्या शतकातले लोक जाड, जड गोळ्या का वापरत होते? कारण काळी दारू. गंधक, कोळसा आणि सोरा यांच्या मिश्रणाचा निम्म्याहून थोडा कमी भागच वायू होतो, उरलेला घन कण बनून धूर आणि काजळी होतो. या दारूने गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देता येत नाही. मग ऊर्जा वाढवायची तर गोळीच जड करावी लागे. अमेरिकन सैन्याच्या १८७३ सालच्या ‘.४५-७०’ काडतुसात २६ ग्रॅमची गोळी आणि साडेचार ग्रॅम काळी दारू असे. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर, ऊर्जा २२०० ज्यूल, संवेग पावणेअकरा किलो-मीटर प्रति सेकंद. घोडदळाच्या आखूड, हलक्या बंदुकीतून हे काडतूस इतके लाथाडी की त्यांच्यासाठी दारू ७० ग्रेनवरून ५५ ग्रेनवर आणावी लागली.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने निर्धूर दारू बनवली आणि चित्र पालटले. नायट्रोसेल्युलोजची ही दारू जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होते आणि तिचे जळणे आकाराने, थराने आवरता येते. १८८६ साली फ्रेंच सैन्याला ८ मिलिमीटरची लेबेल रायफल मिळाली. दहा वर्षांत युरोपातील सैन्यांनी अकरा मिलिमीटरच्या नळ्या टाकून सहा ते आठ मिलिमीटरच्या घेतल्या. जर्मन माउझरचे ७ मिलिमीटर काडतूस १८९२ चे, स्वीडन-नॉर्वेचे साडेसहा मिलिमीटरचे १८९४ चे. ही दोन्ही माणसे मारण्यासाठी निघाली आणि पुढे शंभर वर्षे हरणांच्या जंगलात रमली. अमेरिकेत १८९५ साली विंचेस्टर कंपनीने जॉन ब्राउनिंगच्या आटोपशीर रायफलीसाठी ‘.३०-३०’ हे निर्धूर दारूचे काडतूस आणले, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार व ही रायफल यांची तेथे जोडीच जमली.

जिम कॉर्बेटच्या वाचकांना यातले एक नाव ओळखीचे असेल. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्यांना ‘.२७५ रिग्बी’ भेट दिली. हे .२७५ म्हणजे माउझरचे ७ मिलिमीटरच, इंग्रजी पोशाखातले. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली पडला तो याच सौम्य काडतुसाने.

पण बारीक गोळीने एक नवी अडचण आणली, आणि तिची गाठ आपल्याच देशात पडली. तांब्या-निकेलचे कवच असलेली वेगवान गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाई. सरहद्दीवरच्या १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ‘ही गोळी माणसाला थांबवत नाही’ अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्याने टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. अशी गोळी आत शिरताच पसरते आणि मोठी जखम करते. त्यावर गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणारी गोळी वापरण्यास बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. आता गंमत पाहा. इंग्लंडच्या १९९१ च्या हरिण कायद्यानुसार हरणावर झाडायची रायफलची गोळी पसरणारीच असावी लागते. माणसाला जी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच हरणाला दयेची म्हणून सक्तीची. दोन्हीकडचा तर्क विचारात घेतला तर विसंगती नाही. सैनिक जखमी होऊन वाचावा ही अपेक्षा असते. हरिण जखमी होऊन झाडीत निघून जाणे आणि दिवसेंदिवस कुजून मरणे, हाच तेथे गुन्हा.

गोळीच्या जोराने जनावर उडून पडते, हा सिनेमाने पसरवलेला समज येथेच मोडून काढावा. ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८८५ मीटर वेगाने साठ किलोच्या हरणात थांबली, तर हरणाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १४ सेंटिमीटर. मुंगसाच्या चालीपेक्षाही कमी. हरिण कोसळते ते फुप्फुसे, हृदय किंवा मज्जारज्जू फुटल्यामुळे. म्हणजे गोळी कोठे लागली हे आधी, ती केवढी होती हे नंतर.

आता आकड्यांनी पाहू. वर दिलेली गोळी ‘.३०-०६’ या १९०६ सालच्या अमेरिकन सैनिकी काडतुसाची आहे. तिचा संवेग ८.६. दारू ३.७ ग्रॅम, वायूचा वेग ढोबळमानाने सेकंदाला १२०० मीटर धरला तर आणखी ४.४. एकूण १३. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला ३.६ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्याला साडेतेवीस ज्यूल ऊर्जा देते. गोळीची ऊर्जा ३८०० ज्यूल, म्हणजे सुमारे एकशेसाठपट. १९५५ साली आलेल्या ‘.२४३ विंचेस्टर’ची गोळी साडेसहा ग्रॅमची, वेग ९००, दारू २.७ ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा साडेअकरा ज्यूल निघते, निम्म्याहून कमी. गोळीची ऊर्जा मात्र २६०० ज्यूलच्या पुढे, पंचेचाळीसच्या त्या जाड गोळीहून जास्तच. वर सांगितलेला इंग्लंडचा कायदा किमान सुमारे २३०० ज्यूल आणि ६.१ मिलिमीटर व्यास मागतो. .२४३ या दोन्ही अटींत बसते. कायदा खालची मर्यादा सांगतो, वरची मर्यादा खांदा सांगतो. निवड या दोहोंमध्ये करायची.

आमचे मत विचारले तर साडेसहा आणि सात मिलिमीटरची काडतुसे यांत अधिक समतोल आहेत. धक्का सोळा ज्यूलच्या आसपास, आणि व्यासाच्या मानाने गोळी लांब व जड असल्याने ती खोल जाते. स्वीडनमध्ये साडेसहा मिलिमीटरने मूससारखे भले थोरले जनावर मारत आले आहेत ते याच्या जोरावर. .२४३ चांगलीच, पण नेम थोडा चुकला तर ती सांभाळून घेत नाही, आणि नवशिक्याचाच नेम चुकतो.

रायफल जड घेतली तर धक्का कमी होतो, कारण संवेग तोच असताना ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. पण ती दिवसभर डोंगरात वाहायची असते. दस्त्याला रबराची गादी लावली तर संवेग बदलत नाही, थांबण्याचा काळ वाढतो आणि बल घटते. साडेतेवीस ज्यूल तीन सेंटिमीटरमध्ये जिरले तर सरासरी बल ७८० न्यूटन, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचे वजन. अंतर दुप्पट केले की ते निम्मे. नळीच्या तोंडाशी भोके पाडून वायू बाजूला व मागे वळवला तर संवेगच कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवतो, आणि दचकणे धक्क्याइतकेच आवाजानेही येते. दस्ता खांद्याला घट्ट धरला की शरीराचे वस्तुमान बंदुकीत जमा होते. सैल धरला तर बंदूक आधी पूर्ण वेग घेते आणि मग आदळते. आमच्या सीनियर मुलांचे ‘निखळलेले’ खांदे असेच सैल धरलेले असणार.

दचकणे ओळखायची एक चाचणी आहे. नेमबाजाला न सांगता मधूनच पोकळ काडतूस भरायचे. चाप ओढल्यावर काहीच होत नाही, तरी नळी खाली झुकताना स्पष्ट दिसते. धक्का लागण्याआधीच शरीराने त्याला उत्तर दिलेले असते. हरणाचे पोट फुटते आणि छाती चुकते ती या अर्ध्या क्षणात.

वर्गात बंदूक आणता येत नाही, पण दोन चाकगाड्या आणता येतात. दोघींमध्ये दाबलेली स्प्रिंग दोऱ्याने बांधा आणि दोरा जाळा. एका गाडीवर वजने ठेवून ती दुसरीच्या चौपट जड करा. हलकी गाडी चौपट वेगाने जाईल. दोघींच्या वाटेत सारखेच वाळूचे पट्टे पसरा आणि गाडी पोहोचण्याआधीच विद्यार्थ्यांना विचारा, वाळूचा विरोध दोघींना सारखाच असेल तर कोण किती आत शिरेल? आमचा अनुभव असा की बहुतेक मुले ‘सारखेच’ म्हणतात, काही ‘जड गाडी जास्त’ म्हणतात. हलकी गाडी खूप आत गेल्यावर, जड चाके वाळूत जास्त रुतली म्हणून असे झाले का, हा आक्षेप एखादी चाणाक्ष मुलगी घेतेच. तिचे म्हणणे बरोबर असते. पुढच्या तासाला वाळूऐवजी दोन सारखे हलके पुठ्ठ्याचे ठोकळे ढकलायला ठेवा आणि प्रयोग तिच्याकडूनच करवून घ्या.