जखमेतील माती : वायुकोथाचा इतिहास

१/ १९१४ च्या अखेरीस फ्रान्स व फ्लँडर्सच्या खंदकांतून येणाऱ्या जखमी सैनिकांत डॉक्टरांना एक भयावह लक्षण दिसू लागले. जखमेभोवतीची त्वचा दाबली की आत वायूचे बुडबुडे करकरत. काही तासांत सूज पसरे आणि पाय कापूनही अनेक सैनिक वाचत नसत. हा वायुकोथ, म्हणजेच गॅस गँग्रीन.

२/ कारण पायाखालीच होते. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेल्या त्या शेतजमिनीत जीवाणूंचे बीजाणू ठासून भरलेले होते. तोफगोळ्याचा तुकडा चिखलाने माखलेले कापड घेऊन मांसात खोल शिरे. रक्तपुरवठा तुटलेल्या त्या जागी प्राणवायू नसे. या जीवाणूला नेमके तेच हवे असते.

३/ शत्रू अनोळखी नव्हता. विल्यम वेल्च व जॉर्ज नटॉल यांनी बाल्टिमोर येथे १८९२ मध्येच त्याचे वर्णन केले होते. आज तो ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ म्हणून ओळखला जातो. तो पेशींना मारतो कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

४/ शल्यविशारदांना उत्तराची वाट पाहणे परवडणारे नव्हते. मृत मांस कापून काढणे, जखम उघडी ठेवणे आणि कॅरेल-डेकिन पद्धतीने ती जंतुनाशक द्रावणाने धूत राहणे, हे उपचार युद्धकाळातच रूढ झाले.

५/ उत्तर मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. या जीवाणूच्या विषाने मानवी रक्तरस गढूळ होतो, असे १९३९ मध्ये नॅग्लर यांना आढळले. १९४१ मध्ये मार्जरी मॅकफार्लेन व बी. सी. जे. जी. नाइट यांनी दाखवले की हे ‘अल्फा टॉक्सिन’ म्हणजे लेसिथिनचे विघटन करणारे एंझाइम आहे. जीवाणूचे विष एंझाइम असते, हे प्रथमच सिद्ध झाले.

६/ लेसिथिन हा पेशींच्या आवरणाचा प्रमुख घटक. चरबीच्या पेशीत स्निग्धाचा एकच मोठा थेंब जवळजवळ सारी जागा व्यापतो आणि केंद्रक कडेला दाबले जाते. आवरण फाटले की पेशी मरते. स्नायूपेशी व रक्तपेशींचीही हीच गत. शिवाय रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्राणवायू आणखी घटतो आणि जीवाणूला रान मोकळे मिळते.

७/ १९९५ च्या प्रयोगांत, अल्फा टॉक्सिनचे जनुक निकामी केलेल्या जीवाणूला उंदरांत वायुकोथ घडवता आला नाही. खंदकांमागील शल्यविशारदांना यातले काहीच माहीत नव्हते. तरीही मृत मांस काढताना ते जीवाणूचा निर्वात आसराच काढून टाकत होते. प्रतिजैविके आली, तरी आजही या रोगात पहिली धाव शस्त्रक्रियेकडेच असते.