झोपडपट्टी फुटबॉल
नागपुरात २००१ साली सुरू झालेली स्पर्धा. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात वस्तीतली पोरे फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी स्पर्धा भरवली, तर तब्बल १२८ संघ उतरले. पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे (२०२२) हे काम घरोघरी माहीत झाले. आमच्या मते मात्र संस्थेचे मोठेपण चषकांपेक्षा मैदानावरच दिल्या जाणाऱ्या शिक्षणात आणि आरोग्याच्या धड्यांत आहे. म्हणूनच येथे वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या, प्रत्यक्ष कामातून शिकवणाऱ्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीची आठवण येते.