खुरपणीतून आलेली भाजी

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले, कुकडी-घोडच्या खोऱ्यातले गाव. या भागात परसात किंवा शेताच्या बांधाला मेथी, शेपू, कोथिंबीर, अंबाडी, राजगिरा, चाकवत अशा भाज्या असतात. "या भाज्या कुठल्या?" असे वर्गात विचारले तर मुले "आमच्याच" म्हणतील. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे.

जुन्नरचा इतिहास म्हटला की आपल्याला नाणेघाट आठवतो. तिथल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची मोजदाद आहे. भाजीची जुडी कोण दगडात कोरणार? उत्खननातही हीच अडचण येते. याच खोऱ्यात, शिरूर तालुक्यातील इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकरी वस्तीत जव, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. दाण्याचा कोळसा झाला की तो हजारो वर्षे टिकतो. पाला मात्र कुजून जातो. मग पालेभाजीचा इतिहास वाचायचा तरी कशावरून? तीन गोष्टींवरून: बिया, शब्द आणि हाताच्या सवयी.

आधी बिया पाहू. इनामगावची वस्ती नांदत होती त्याच शतकांत इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाच्या थडग्यात धने आणि मेथ्या ठेवल्या गेल्या. १९२२ साली हे थडगे सापडले. या दोन्ही वनस्पतींचे मूळ भूमध्य समुद्र व पश्चिम आशियाच्या बाजूला आहे. अंबाडी आफ्रिकेची. राजगिऱ्याचे दाणे देणाऱ्या जाती अमेरिकेच्या; कोलंबसानंतर त्या जगभर पसरल्या आणि आपल्याकडे थेट उपवासाच्या फराळात जाऊन बसल्या! तांदुळजा, माठ हे राजगिऱ्याचे आशियाई भाऊबंद.

आता शब्द. 'कोथिंबीर' हे नाव संस्कृत 'कुस्तुंबरी'वरून आले. 'कुस्तुंबुरु' या रूपासाठी पाणिनीने व्याकरणात स्वतंत्र सूत्र दिले आहे. म्हणजे बाहेरून आलेली ही वनस्पती अडीच हजार वर्षांपूर्वीच घरची झाली होती.

तिसरा पुरावा हातांचा. आपण मेथी उपटतो, पण माठ आणि हरभरा खुडतो. ही क्रियापदे उगाच वेगळी नाहीत. मेथी कोवळी असतानाच मुळासकट काढून रान मोकळे करायचे असते. माठाचा किंवा हरभऱ्याचा शेंडा खुडला की शेंड्याकडून येणारा रोध संपतो, बाजूचे डोळे फुटतात आणि झाड फांद्या धरते. हरभऱ्याची भाजी मिळते आणि पुढे घाटेही भरपूर लागतात. वनस्पतिशास्त्राचा हा धडा बायांच्या बोटांत पुस्तकाच्या कितीतरी आधी होता.

चुलीवरही तेच. चाकवतात ऑक्झॅलिक आम्ल असते. ते शरीराला मिळणारे कॅल्शियम अडवते. ताकात शिजवल्यावर ताकातले कॅल्शियम त्याला काही अंशी पातेल्यातच बांधून टाकते. पाल्यातले कॅरोटीन तेलात विरघळते, म्हणून फोडणी केवळ चवीपुरती नसते. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली अॅक्रॉईड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, तेव्हा अशा साध्या पाल्याचे मोल आकड्यांत मांडले गेले.

पण सगळ्या भाज्या पेरलेल्या नसत. चाकवत, तांदुळजा, घोळ, कुरडू पिकात आपोआप उगवत. खुरपणीला गेलेली बाई तण काढताना त्यातले खाण्याजोगे निवडून ओटीत टाकी आणि रात्रीची भाजी होई. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य संपले, तेव्हा लोक अशाच रानपाल्याकडे वळले. गोव्याचे डॉ. लिस्बोआ यांनी मुंबई गॅझेटियरच्या १८८६ सालच्या वनस्पतिखंडात दुष्काळात खाल्लेल्या वनस्पतींची नोंद केली. ती माहिती त्यांनी घडवलेली नव्हती. खेड्यातल्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, ती जपली होती.

पुढे कुकडी प्रकल्पाचे पाणी आले. बाजरीच्या रानात ऊस, कांदा, टोमॅटो आले, मेथी-कोथिंबिरीची जुडी बाजारात जाऊ लागली. हातात पैसा आला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु बाजरीतली अंबाडीची ओळ गेली. तिच्याबरोबर घरची भाजी आणि दाव्यांसाठी लागणारा वाख दोन्ही गेले. तणनाशक फवारले की खुरपणी टळते आणि खुरपणीतून घरी येणारी भाजीही संपते. ही भाजी ओळखणारी नजर एका पिढीत नाहीशी होऊ शकते. पाल्याप्रमाणे तीही मागे काही ठेवत नाही.

म्हणून आम्हाला एक उपक्रम सुचवावासा वाटतो. मुलांनी घरातल्या आजीला विचारून वहीत चार रकाने भरावेत: भाजीचे नाव, ती कुठे उगवते, कशी तोडतात, कशी शिजवतात. शक्य असेल तिथे पान दाबून चिकटवावे. जाणत्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय कोणताही पाला चाखू नये, हे मुलांना आधी बजावावे. गावातल्या सगळ्या वह्या एकत्र केल्या की दगडावर कधीच न कोरला गेलेला इतिहास निदान कागदावर तरी येईल.